सव्वातेरा किलोंची सॅक

मित्रांनो, मी एक जुना तानकाटा आहे. सध्या मी एका दाराच्या चौकटीला फाशी दिल्यासारखा लटकतो आहे. हळहळू नका, लटकणे हाच माझा धंदा आहे. विज्ञानाच्या तासाला तुम्ही जो पाहता तो माझा धाकटा चुलतभाऊ. शंभर ग्रॅमचे वजन टांगले की त्याला धाप लागते. मी मात्र पन्नास किलोंचा गडी आहे. वर कडी, पोटात स्प्रिंग, छातीवर पितळी पट्टी आणि खाली लोखंडी आकडा. खालच्या आकड्याला काही अडकवले की वरच्या पट्टीवर दुसरा आकडा दिसतो. माझे सगळे आयुष्य या दोन आकड्यांच्या मधे गेले.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका लहानशा कारखान्यात झाला. स्प्रिंगा वळणारा कारागीर कानाने जवळजवळ बहिरा होता. तरी प्रत्येक स्प्रिंग वळून झाली की तो ती कानाशी नेऊन टिचकी मारायचा आणि ऐकू आल्यासारखी मान डोलवायचा. पुढच्या टेबलावर तपासनीस बाई बसायच्या. त्या एकेक वजन टांगायच्या, मग सगळी वजने काढून घ्यायच्या आणि चष्मा नाकावर ओढून बघायच्या, काटा शून्यावर परत येतो की नाही. तुमच्या शाळेत शून्य मिळाले की घरी बोलणी बसतात. आमच्यात मात्र शून्यावर परत आला तो पास. मी पहिल्याच खेपेला शून्यावर आलो. बाईंनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. कोणी पाठ थोपटायची ती माझी पहिलीच वेळ.

मग मी लाकूड-कोळशाच्या एका वखारीत नोकरीला लागलो. दिवसभर पोती उचलायची आणि खरे बोलायचे, एवढेच काम. वखारवाल्याला माझा फार अभिमान होता. त्याला नात झाली तेव्हा त्याने तिला दुपट्याच्या झोळीत घालून माझ्या आकड्याला लावले. घरातल्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या. मी श्वास रोखून धरला. तीन किलो चारशे ग्रॅम. पोर माझ्या पट्टीकडे बघून हसली. बायका म्हणाल्या, एवढ्या लहान मुलांना हसू येत नाही, तो वारा असतो. असेल. पण तसा वारा पुन्हा कधी माझ्याकडे बघून आला नाही.

पुढे वखारीत जमिनीवर ठेवायचा मोठा काटा आला आणि मला कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवण्यात आले. मग माझ्यावर लोक कोट टांगू लागले, टोप्या टांगू लागले. एका पावसाळ्यात ओली छत्री टांगली आणि मला गंज चढला. कोटाचे वजन दोन किलो आहे, हे मी रोज दाखवत होतो, पण ते कोणी विचारलेच नव्हते. अशी किती वर्षे गेली कोण जाणे.

एके दिवशी एक बाई सरपण घ्यायला आल्या. बारीक चणीच्या, आवाज मात्र दुप्पट देहाचा. माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “हे कोट अडकवायचं मला देता का?”

“अहो, तो काटा आहे,” वखारवाला म्हणाला.

“मला माहीत आहे. तुम्हाला आठवण करून दिली.”

या बाई म्हणजे पार्सलकाकू. टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर त्यांनी सत्तावीस वर्षे काढली होती आणि निवृत्तीनंतर गावाच्या टोकाचे मुक्कामघर सांभाळायला घेतले होते. त्यांनी मला घासले, पुसले, तेल पाजले आणि मुक्कामघराच्या दाराशी टांगले. आजही मी तिथेच आहे.

मित्रांनो, या दारापुढे रस्ता नाही, पायवाट आहे. ती समोरच्या डोंगराची खिंड ओलांडते, मग नद्या, माळ आणि गावे पार करत छत्तीस दिवसांनी एका जुन्या देवस्थानापाशी पोचते. ही यात्रा पायीच करायची असते. यात्रेकरू बसने इथे येतात, एक मुक्काम करतात, काकूंकडून यात्रापत्र घेतात आणि सकाळी सहाला निघतात. यात्रापत्रावर काकूंचा शिक्का असला तरच पुढच्या मुक्कामांवर पलंग मिळतो. पहिल्याच दिवशी खिंडीचा उभा चढ आहे. म्हणून काकूंचा नियम असा: अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके सामान न्यायचे, बाकीचे कपाटात ठेवायचे.

त्या कपाटात काय नाही ते विचारा. एक दाताचे डॉक्टर घरची उशी आणि गादी घेऊन आले होते, त्या आहेत. एका बाईंची इस्त्री आहे. एका प्राध्यापकांची नऊ पुस्तके आहेत. “वाटेत वाचेन म्हटलं,” ते म्हणाले. काकू म्हणाल्या, “वाटेत वाट बघायची असते. नाहीतर पडाल.”

माझे नुकसान केले ते एका व्यायामशिक्षकांनी. आपले डंबेल्स कपाटात जाणार म्हणून त्यांना राग आला. ताकद दाखवायला ते माझ्याच आकड्याला लोंबकळले आणि अंग वर ओढत मोजू लागले. ते अठ्ठ्याऐंशी किलोंचे आणि मी पन्नासांचा. चौथ्या खेपेला माझ्या पोटात काहीतरी कट्कन झाले. त्या दिवसापासून मी शून्यावर परत येत नाही. पाव किलोवर येऊन थांबतो. मला वाटले, आता माझी रवानगी भंगारात. पण काकूंनी माझ्याकडे नीट बघितले आणि म्हणाल्या, “असू दे. माझे गुडघेसुद्धा आताशा पावशेर जास्तच बोलतात.” तेव्हापासून त्या माझ्या बोलण्यातून पाव किलो वजा करतात.

आता मी तुम्हाला सव्वातेरा किलोंच्या सॅकची हकीकत सांगतो.

त्या मोसमातली शेवटची तुकडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. ती गेली की खिंडीत बर्फ पडतो आणि वाट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद होते. दुपारी चारच्या बसने एक जोडपे उतरले. गृहस्थ उंच, कोटाची सगळी बटणे लावलेली, डोक्यावर टोपी आणि पायांत वाकून बघणाऱ्याला आपले दात दिसतील असे चकाकणारे काळे बूट. पाठीवर सॅक होती आणि तिच्याखाली ते प्रश्नचिन्हासारखे वाकले होते. मागून एक ठेंगणीशी बाई हातात पाण्याची बाटली घेऊन तुरुतुरु येत होती.

काकूंनी सवयीप्रमाणे आधी पाठीकडे बघितले. “या. यात्रेला निघालात?”

“मी निघालेय,” बाई म्हणाल्या. “हे फक्त पोचवायला आलेत. घरापासून सॅक उचलू दिली नाही मला. म्हणाले, उद्यापासून तुलाच उचलायची आहे. साडेपाचच्या बसने परत जातील.”

“पाच अठ्ठावीस,” गृहस्थ म्हणाले.

दोन मिनिटांत काकूंनी माहिती काढली. बाई एका इस्पितळात एकतीस वर्षे नर्स होत्या. गृहस्थ एका लहान स्टेशनचे स्टेशनमास्तर होते. दोघेही आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. काकू त्यांना लगेच सिस्टर आणि मास्तर म्हणू लागल्या, तेव्हा आपणही तसेच म्हणू.

सिस्टर वजनाच्या यंत्रावर उभ्या राहिल्या. बरोबर पन्नास किलो. “म्हणजे पाच किलो न्यायची मुभा,” त्या खुशीत म्हणाल्या. “माझी तेवढीच भरलीय. घरी दोनदा मोजली.”

मास्तरांनी सॅक खाली उतरवली, पण आकड्याला लावायला ते काही पुढे येईनात. शेवटी काकूंनीच ती उचलली आणि उचलताना “अगं आई” म्हणाल्या. माझी स्प्रिंग कण्हली. काटा पाच ओलांडून गेला, दहा ओलांडून गेला आणि सव्वातेरावर थांबला.

“सव्वातेरा,” काकूंनी वाचले.

“शक्य नाही. तुमचा काटा बिघडलाय.”

“बिघडलाय, पण पाव किलोनेच. तेरा धरा.”

“मग आठ किलो आले कुठून? आभाळातून पडले?”

मास्तर छताकडे बघत होते. छताला भोक नव्हते.

“हवेचा दाब असेल,” ते म्हणाले. “इथे उंची जास्त आहे.”

“हवेच्या दाबाने डोकं दुखतं. सॅक वाढत नाही,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी चेन ओढली.

एकेक वस्तू टेबलावर येऊ लागली. काकू पार्सलच्या खिडकीवर बसल्यासारख्या मोठ्याने मोजू लागल्या. एक मोठी टॉर्च.

“अंधार होतो,” मास्तर म्हणाले.

दुसरी टॉर्च.

“पहिली बंद पडली तर ती शोधायला.”

वीस हात दोरी. कुलूप आणि साखळी. हातोडी. किल्ली द्यायचे गजराचे घड्याळ. एक शिट्टी. मग पुठ्ठ्याची जाड वही. सिस्टरनी ती उघडली. वळणदार अक्षरांत लिहिले होते: “मुक्काम पहिला. परतीची बस दुपारी तीन वीस. मुक्काम दुसरा. दुधाची गाडी सकाळी आठ पाच. पुढे बसायला मिळते, चालकास विचारावे.” असे छत्तीस मुक्काम, छत्तीस पाने. कुठून कोणती गाडी पकडली की घरी किती वाजता पोचता येईल, सगळे लाल रेघ मारून लिहिलेले.

“म्हणजे मी रोज परत यायचा विचार करत चालायचं,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी वही मिटली. “पहिल्याच मुक्कामापासून.”

“तसं नाही. नुसती सोय.”

सिस्टरनी सॅकच्या तळाशी हात घातला. मफलरमध्ये गुंडाळलेले काहीतरी जड बाहेर आले. मफलर सोडला. आत एक वीट होती. भाजलेली, लाल, अख्खी.

बाकीच्या वस्तूंची काहीतरी बाजू मांडता येत होती. विटेची काय मांडणार?

“ही वीट आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“हो.”

“कशाला?”

मास्तरांनी प्रयत्न केला. “वाऱ्याने दार आपटतं. मुक्कामांवर. दाराला लावायला.”

“छत्तीस दिवस मी दाराला लावायला वीट वाहून न्यायची?”

मास्तरांनी कोटाच्या खिशातून यात्रेचे माहितीपत्रक काढले. त्यातल्या एका ओळीखाली पट्टी ठेवून रेघ मारलेली होती. “इथे लिहिलंय. कलम चार. सामान मर्यादेबाहेर असल्यास यात्रापत्र दिले जाणार नाही.”

“ते मीच लिहिलंय,” काकू म्हणाल्या. “लोक घाबरावेत म्हणून. मी परत कुणालाच पाठवत नाही. सामान काढून घेते फक्त.”

“मग कलम कशाला लिहायचं?” मास्तरांना मनापासून वाईट वाटले. आयुष्यभर त्यांनी नियमांवर भरवसा ठेवला होता आणि आज ऐन वेळी नियमाने दगा दिला होता.

सिस्टरच्या सगळे लक्षात आले. “म्हणजे मला इथून परत पाठवावं म्हणून तुम्ही हे सगळं भरलंत. वीटसुद्धा.”

“एकच भरली,” मास्तर म्हणाले.

मित्रांनो, मी आजवर पुष्कळ भांडणे ऐकली आहेत. आरडाओरडा होतो, सामान आपटले जाते, मग चहा होतो. सिस्टर मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी आपले कपडे पुन्हा घड्या करून सॅकमध्ये ठेवले. सॅक आकड्याला लावली. सव्वापाच, म्हणजे पाच. काकूंनी यात्रापत्रावर शिक्का मारला. मग सिस्टर घड्याळाकडे बघून म्हणाल्या, “पाच वीस झालेत. तुमची बस येईल.”

मास्तरांनी टेबलावरच्या वस्तू पिशवीत भरल्या. वीट तिथेच राहिली. ती परत न्यायचे धाडस त्यांना झाले नसावे. दारात ते थांबले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “जपून जा.” सिस्टर सॅकची एकच चेन लावत होत्या, उघडत होत्या, पुन्हा लावत होत्या. बस आली. पाच अठ्ठावीसला निघाली. खिडकीशी मास्तर ताठ बसलेले मला दिसले. त्या खिडकीकडे बघणारा मी एकटाच होतो.

सिस्टर बाकावर बसून राहिल्या. काकूंनी पाणी दिले. काही विचारले नाही. काकू गप्प बसलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

पाऊण तास झाला असेल. दार लोटले गेले आणि मास्तर आत आले. चकाकणारे बूट धुळीने पांढरे झाले होते, कोटाची दोन बटणे उघडी होती आणि छाती भात्यासारखी हलत होती. दुसऱ्या थांब्यावर बसमधून उतरून ते तीन किलोमीटर चालत आले होते.

“टोपी राहिली माझी,” ते म्हणाले.

“डोक्यावर आहे,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी चाचपून बघितले. “हो की.”

काकू ताबडतोब स्वयंपाकघरात गेल्या, म्हणजे त्या दाराच्या मागे उभ्या राहिल्या. मला काही जाता येईना. लोक तानकाट्यासमोर बिनधास्त बोलतात.

मास्तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. “मला रागावलीस तर रागाव,” ते म्हणाले. “तू रात्रपाळीला, मी दिवसपाळीला. मग मी रात्रपाळीला, तू दिवसपाळीला. एकतीस वर्षं आपण एका घरात पाळीपाळीने राहिलो. चिठ्ठ्या लिहून संसार केला. ‘दूध तापवलंय.’ ‘पोराला ताप आहे, औषध दिलंय.’ आता आठ महिने झाले, तू रोज दिसतेस. मला अजून त्याची सवयसुद्धा झाली नाही. आणि तू निघालीस छत्तीस दिवसांसाठी.”

“हे घरी बोलायला काय झालं होतं?”

“सुचत नव्हतं.”

“आणि वीट सुचली?”

“वीट अंगणातच होती.”

सिस्टरच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते मला ठरवता आले नाही. माझी पट्टी तेवढी बारीक नाही.

“चार महिन्यांपूर्वी मी तुम्हाला चला म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय म्हणालात?”

“विचार करून सांगतो म्हणालो.”

“मग?”

“करत होतो.”

“अहो, वॉर्डाचा पॅसेज साठ पावलांचा होता. साठ पावलं गेलं की भिंत. वळायचं, परत साठ पावलं. एकतीस वर्षं. मला एकदा असं चालायचंय, की साठ पावलं झाली तरी भिंत येणार नाही. तुमच्यापासून लांब जायला नाही निघाले मी.”

मास्तरांनी धुळीने माखलेले बूट एकमेकांवर आपटले. मग त्यांनी पिशवीतून ती वही काढली आणि पहिले पान उघडले. “उद्या पहिल्या मुक्कामावरून दुपारी तीन वीसची बस आहे,” ते म्हणाले. “तिथपर्यंत येतो. मग जातो.”

“या बुटांनी?”

दाराआडून काकू इतक्या चटकन बाहेर आल्या, की त्यांनी काही ऐकले नव्हते असे म्हणायला जागाच उरली नाही. त्यांच्या एका हातात शिक्का मारलेले दुसरे यात्रापत्र होते आणि दुसऱ्या हातात कपाटातले बूट. भडक नारिंगी, हिरव्या नाड्यांचे, एक नंबर मोठे. कोटाखाली ते बूट घालून मास्तर खोलीत चार पावले चालून दाखवू लागले, तेव्हा सिस्टर हसल्या, आणि ते हसणेच होते. विटेचे काय करायचे, असे मास्तरांनी विचारले. काकूंनी ती उचलून दाराला लावली. “आपटतं खरंच,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडी जमली. आमच्याकडे सहाची तुकडी सातच्या आत कधी निघालेली नव्हती. कोणाची बाटली राहते, कोणाचा मोजा सापडत नाही. सहाला एक मिनिट कमी असताना मास्तरांनी घड्याळ बघितले, ओठांत शिट्टी धरली आणि अशी फुंकली, की छपरावरची कबुतरे उडाली आणि बावीसच्या बावीस यात्रेकरू काही कळायच्या आत चालू लागले. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “असा माणूस मला रोज हवा होता.”

तीन दिवसांनी काकूंना पोस्टकार्ड आले. काकू कार्डे मोठ्याने वाचतात, म्हणून मला कळते. “काकूंस नमस्कार. तीन वीसची बस तीन तीसला आली. दहा मिनिटे उशीर. असल्या गाडीत बसणे माझ्या तत्त्वात बसत नाही. उद्या दुसऱ्या मुक्कामावरून दुधाच्या गाडीने निघतो. आपला, मास्तर.”

मग दुसरे आले. “दुधाच्या गाडीत पुढची जागा म्हशीच्या डॉक्टरांनी घेतली होती. त्यांना उठवणे बरे दिसले नाही. उद्या निघतो.”

मग चौथ्या मुक्कामाहून: “गाडी वेळेवर होती. मी नव्हतो.”

मधे बरेच दिवस काही आले नाही. काकू टपालवाल्यावर डाफरू लागल्या. टपालवाला म्हणाला, मग मीच एक लिहून आणू का? अखेर एक कार्ड आले, सिस्टरच्या अक्षरातले. “यांना चौदा फोड आले. मी जन्मभर लोकांच्या जखमा बांधल्या, पण एवढा कुरकुऱ्या पेशंट पाहिला नाही. रोज संध्याकाळी पाय माझ्या मांडीवर टाकतात आणि उद्या नक्की निघतो म्हणतात. मी हो म्हणते.”

शेवटचे कार्ड चाळिसाव्या दिवशी आले. त्यावर दोघांची अक्षरे होती, आधी मास्तरांचे. “पोचलो. वेळापत्रकाची वही तेविसाव्या मुक्कामावर सोडली. वजन होत होते.” खाली सिस्टरनी उरलेल्या जागेत मावेल अशा बारीक अक्षरात लिहिले होते, “परत येताना बसने येणार होतो. हे म्हणतात, खिंड उघडेपर्यंत वाट बघू, पण चालतच येऊ.” काकूंनी ते कार्ड दोनदा वाचले. मग डोळ्यांत सरपणाचा धूर गेला म्हणाल्या. चूल पेटलेली नव्हती.

पुढच्या मोसमात माझ्यावर पुन्हा एकदा उपेक्षेचे दिवस आले. एका यात्रेकरूने काकूंना बोलणारा इलेक्ट्रॉनिक काटा भेट दिला. मला काढून सरपणाच्या खोलीत ठेवले. त्या काट्यातून एक बाई गोड आवाजात म्हणायची, “आपले सामान जास्त आहे. कृपया कमी करा.” पहिल्या दिवशी लोकांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी एक वकील तिच्याशी अर्धा तास वाद घालत बसले. तिसऱ्या दिवशी एक आजी तिला म्हणाल्या, “बये, माझ्या पिशवीत काय आहे तुला माहीत तरी आहे का?” त्यावर ती पुन्हा तेच म्हणाली. तीन आठवड्यांनी काकू सरपणाच्या खोलीत आल्या, माझ्यावरची जाळी झटकली आणि म्हणाल्या, “चल रे. तू निदान गप्प तरी असतोस.” ती बाई आता स्वयंपाकघरात बटाट्यांना उपदेश करते.

मित्रांनो, मी साधे यंत्र आहे. किती वजन आहे ते मला सांगता येते, का आहे ते सांगता येत नाही. ते तुम्हीच विचारायचे असते, आणि तेही वेळेवर. तुमच्या घरातले कोणी लांब निघाले आणि तुम्हाला ते जायला नको असेल, तर त्याच्या सामानात हळूच काही कोंबू नका. त्याच्यासमोर बसा आणि काय वाटते ते बोला. शब्द नीट जुळले नाहीत तरी चालेल. आणि तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू थोड्या कमीजास्त बोलू लागल्या, तर लगेच त्यांना भंगाराची वाट दाखवू नका. किती चुकतात ते लक्षात ठेवा आणि तेवढे वजा करा. माझ्यासाठी काही करायचेच असेल तर पावसाळ्याआधी तेलाचे दोन थेंब पुरतात. शिवणयंत्राचे तेल उत्तम.

तेलाचे नाव काढले आणि चारची बस आली. एक बाई उतरते आहे. तिच्या काखेत अख्खे शिवणयंत्र आहे, मित्रांनो, चाकासकट. चेहऱ्यावरून ती ते कोणाच्याही बापाला सोडणारी दिसत नाही. काकूंनी तिला दारातून पाहिले आहे आणि हात पुसत त्या पुढे निघाल्या आहेत. मी आकडा ताठ करून तयार आहे, पण आजकाल काकू आधी माझ्याकडे येत नाहीत. त्यांनी बाक पुढे ओढला आहे.

“बसा,” त्या म्हणताहेत. “पाणी प्या. आणि आधी मला सांगा, हे कुणाचं?”